कपाटाला दिवे

१२ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच. संग्रहालयाचं नाव छापलेला कागद, खाली गोल शिक्का आणि मधे टाइप केलेलं, की 'आपल्या ताब्यातील वाद्याच्या मूळ पॅनेलांना कोणतेही छिद्र पाडण्यात येऊ नये, तसेच त्यांत नव्याने दिवे बसवण्यात येऊ नयेत.' हे 'आपण' म्हणजे मी का? जिला सायकलच्या दांडीवर बसवून गटारात पाडलंस आणि घरी येऊन 'तीच हलली' म्हणून सांगितलंस, ती मी? वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. सहीसुद्धा पूर्ण नावानं ठोकली आहेस. मला आधी वाटलं, कुणा परक्याचं पत्र चुकून आपल्या पेटीत पडलं.

फोन करणार होते. पण फोनवर तू मधेच बोलतोस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून आता हे असंच चालणार.

तू हे पत्र फायलीला लावणार आणि तुझे साहेब ते वाचणार, हे मला माहीत आहे. तेव्हा त्यांना कळेल असं सविस्तर लिहिते. साहेब, तुम्ही ज्याला वाद्य म्हणता त्याला आमच्या घरात कपाट म्हणतात, कारण ते आहेच कपाटाएवढं. आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात मॉड्युलर सिंथेसायझर बनवले, लोकांसाठी पुष्कळ आणि स्वतःसाठी हे एक. त्यात एकाशेजारी एक अशी मॉड्यूलं बसवलेली असतात आणि प्रत्येकाला एकच काम येतं. एक सूर काढतं, एक तो घासूनपुसून मऊ करतं (त्याला फिल्टर म्हणतात), एक त्याला चढउतार देतं, एक ठोके धरतं. सगळ्यांना वायरींनी एकमेकांत जोडलं की वाजतं. नाही जोडलं तर नुसती पत्र्याची भिंत. बाजारात मिळणाऱ्या अशा यंत्रांवर जिकडेतिकडे दिवे लुकलुकत असतात, जत्रेतल्या पाळण्यासारखे. सिग्नल कुठपर्यंत पोचलाय ते त्यांवरून कळतं. आमच्या कपाटावर एकही दिवा नाही. बाबांना ते चालतच नसत. दिवा दिसला की माणूस ऐकायचं सोडून बघत बसतो, असं ते गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचे. गिऱ्हाईक उठून गेलं तरी चालेल, पण दिवा लावायचे नाहीत.

मग आता दिवे कशाला? तर साहेब, आमच्या वडिलांना आता ऐकू येत नाही. तुमच्या दुरुस्ती विभागात बसणाऱ्या त्यांच्या थोरल्या मुलाला हे चांगलं ठाऊक आहे, त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल. कानात यंत्र घातलं की समोरच्याचं बोलणं त्यांना कळतं, पण सूर मोडून येतात. डब्यात खडे हलवल्यासारखे, असं ते म्हणतात. यंत्र काढलं तर काहीच नाही.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मी सुटे भाग आणायला बाहेर गेले होते. खडे नकोत म्हणून बाबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं, कपाटाला सगळ्या वायरी लावल्या आणि ते काही वाजेना. म्हणजे त्यांच्यासाठी वाजेना. त्यांनी एकेक वायर उपटून परत लावली, वीजपुरवठा तपासला, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या धावत खाली आल्या, दारावर थापा मारल्या, शेवटी तशाच आत शिरल्या आणि बाबांच्या पुढ्यात दोन्ही हातांनी कान झाकून उभ्या राहिल्या. खिडकीच्या काचा थरथरत होत्या म्हणे. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि बटण बंद केलं. मी परत आले तेव्हा कपाटावर चादर टाकलेली होती.

त्याच आठवड्यात त्यांनी तुम्हा लोकांना कळवून टाकलं की घेऊन जा. हो, कबूल केलं होतं. माणूस खचला की काहीही कबूल करतो. नवं वर्ष लागलं तशी चादर त्यांनी आपणहून काढली आणि मला म्हणाले, "दिवे लाव."

मी विचारलं, कुठे? म्हणाले, सगळीकडे. तेच मी तुम्हाला कळवलं, आणि उत्तर म्हणून ही नोटीस आली.

तेव्हा भोकं पडणार. दादा, तुझी गाडी एप्रिलच्या शेवटी येणार असं लिहिलं आहेस. खुशाल येऊ दे, रिकामी परत जाईल. ज्या माणसानं ते कपाट केलं तो अजून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतोय, आणि तुम्हाला ते काचेआड ठेवायची घाई झाली आहे. शरम वाटायला हवी कुणालातरी. सध्या ती मलाच वाटतेय, तुझी.

बाबा तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत.

धाकटी


९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. म्हणजे शिक्का मारायला साहेब जागेवर नसतील.

पहिला दिवा लागला, तुला कळावं म्हणून लिहिते. खरं तर झोंबावं म्हणून.

सुरुवात ओळीनं सूर सांगणाऱ्या मॉड्यूलपासून केली, म्हणजे सीक्वेन्सरपासून. बाबांनी पॅनेलवर चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलीनं टिंब काढलं. पेन्सिल ठेवली, परत उचलली, ते टिंब खोडलं आणि केसभर डावीकडे दुसरं काढलं. मी ड्रिल हातात घेऊन उभी. अक्षरं तुला आठवत असतील, त्यांनी बारीक ब्रशनं एकेक लिहिलेली. त्या अक्षरांच्या शेजारी भोक पाडायचं म्हणजे माझ्याही जिवावर आलं होतं, तू समजतोस तशी मी काही कसाई नाही. आतलं सर्किट आधी पूर्ण बाहेर काढलं, पत्र्याचा कीस त्यात पडू नये म्हणून. बाबांनी पॅनेल दोन्ही हातांनी धरलं आणि ड्रिल चालू झाल्यावर तोंड दुसरीकडे फिरवलं. ऐकू येत नव्हतंच, बघवतही नसेल.

वरून लगेच डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्यांच्या खुर्चीतला पेशंट ताडकन उठून बसला होता. बाईंच्या हातात नुसता आरसा आणि आवाज मात्र ड्रिलचा. आता आम्ही ठरवून घेतलं आहे, त्या जेवायला गेल्या की मी भोकं पाडते.

रंगावरून वाद झाला. मी निळा आणला होता, हल्ली सगळे तोच लावतात. बाबा म्हणाले, निळा डोळ्यांत घुसतो, लाल लाव, बारीकसा, लाजरा. ज्यांनी आयुष्यभर दिव्यांची टिंगल केली त्यांना दिव्यांबद्दल एवढी मतं असतील असं मला वाटलं नव्हतं. लाल लावला. सिग्नल सोडला. सूर वर जाईल तसा दिवा पेटायचा, खाली आला की विझायचा. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. मग मला म्हणाले, "चालू आहे की."

त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. पण तू कसा बघणार? तुला तर त्या घटनेचा अभिमान असेल अजून.

ती घटना मी साहेबांसाठी पुन्हा लिहिणार नव्हते, पण आता हात लागलाच आहे तर लिहिते. तीन वर्षांपूर्वी बाबा भरल्या हॉलमध्ये कपाट वाजवत होते. सगळी गिऱ्हाइकं, सगळे दुसरे बनवणारे समोर बसलेले. आणि तू पहिल्या रांगेतून उठून म्हणालास, "बाबा, फिल्टर शिट्टी मारतोय. तुम्हाला ऐकू येत नाहीये." खरं होतं. कुणी नाही म्हटलंय? पण खरं बोलायला हॉल कशाला लागतो? घरी येऊन, दार लावून सांगता आलं नसतं? बाबांनी वाजवणं थांबवलं नाही, शेवटपर्यंत वाजवलं. घरी आल्यावर म्हणाले, हा उद्या मला इथे दिसता कामा नये. आणि तू खरोखर दिसला नाहीस. लहानपणापासून त्यांचं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हे.

सोबत मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग पाठवते. बाबांनी वाजवलेलं आहे. ऐक आणि मग टाइप कर, भोक पाडू नये म्हणून.

धाकटी


२७ फेब्रुवारी

दादा,

पाकीट मिळालं. उघडताना मला वाटलं, आता तरी दोन ओळी बाबांसाठी असतील. आत काय, तर चिमूटभर ट्रान्झिस्टर आणि चिठ्ठी: 'वरचे सूर उतरलेत. दिवा थेट आउटपुटवर जोडलास. मधे ट्रान्झिस्टर घाल.'

बस. बाबा कसे आहेत, नाही. छान वाजवलं, नाही. आणि आमच्याकडे ट्रान्झिस्टर नाहीत असं तुला कशावरून वाटलं? आपल्या घरात साखर संपते, ट्रान्झिस्टर संपत नाहीत.

बरोबर आहे तुझं. लिहिताना हात जड झालाय, पण बरोबर आहे. त्या मॉड्यूलमधून जितका व्होल्टेज जास्त निघेल तितका सूर वरचा, आणि लाल दिवा दोनेक व्होल्टच्या खाली पेटतच नाही. म्हणून खालच्या सुरांना धक्का लागला नाही. वर गेलं की दिवा पेटायचा आणि पेटायला लागणारा करंट त्या सुरातूनच ओरबाडायचा. वरचे सगळे सूर बसके. शिकाऊ मुलगी करेल अशी चूक मी केली, आणि मला ऐकूही आली नाही, कारण मी ऐकत नव्हते, बाबांच्या तोंडाकडे बघत होते. आता दिवा त्याचं खाणं वीजपुरवठ्यातून घेतो आणि सुराला हात लावत नाही. तुझेच ट्रान्झिस्टर वापरले. पाकिटातून काढून समोर ठेवलेले होते म्हणून वापरले, उगाच काही समजू नकोस.

हे बाबांना सांगितलेलं नाही. तूही कळवू नकोस. तसाही तू त्यांना काय कळवतोस?

बाकीची भोकं पाडून झाली. कपाटाच्या पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत आता दिवे आहेत. ठोके धरणाऱ्या मॉड्यूलचा दिवा ठोक्याला लुकलुकतो. चढउतार देणाऱ्याचा हळूहळू उजळतो आणि हळूहळू विझतो. शेवटी, जिथून आवाज बाहेर पडतो तिथे बाबांनी जरा मोठा दिवा मागितला. आवाज जेवढा मोठा तेवढा त्याचा उजेड. बाबा रोज दुपारी चहा झाला की बसतात. मान वाकडी करून, बोटांत वायर धरून, पूर्वी बसायचे तसेच. मधेच मला हाक मारून दाखवतात, हे बघ, हा विझायच्या आत तो पेटतो. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून दाढी केली.

आवाज छान येतो. रेकॉर्डिंग पाठवत नाही, कार्ड भरलं आहे.

धाकटी


२५ मार्च

दादा,

पुन्हा एक ओळ. 'रेकॉर्डिंग का पाठवत नाहीस?' तुझ्या तिकडे शाई जपून वापरायला सांगितलंय का?

का पाठवत नाही ते ऐक मग. कारण ते ऐकवत नाही.

भयंकर आहे, दादा. मी हे कुणालाही बोललेले नाही. शेवटच्या मोठ्या दिव्याचा उजेड स्थिर आणि भरलेला असला की बाबांना आवडतो. तो कशानं तसा राहतो, माहीत आहे? फिल्टरचं बटण एका टोकाला नेलं की फिल्टर स्वतःच शिट्टी मारत राहतो. ती शिट्टी थांबत नाही, म्हणून दिवा हलत नाही. बाबांना वाटतं, सूर आता नीट बसला. आणि खोलीत कानात सुई घातल्यासारखी ती शिट्टी चालू असते, त्याखाली बिचारी चाल कुठेतरी गुदमरलेली. चाल चांगली आहे. हेच तर जास्त लागतं. शिट्टी काढली तर त्यांनी आजवर केलेल्या चालींत ही सगळ्यात चांगली निघेल.

मग वाजवून झालं की माझ्याकडे वळून विचारतात, कसं वाटलं? मी म्हणते, छान. काय म्हणू? त्या चादरीकडे बघून तू काय म्हणाला असतास? नको, सांगू नकोस, मला माहीत आहे तू काय म्हणाला असतास.

एकदा मी चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं कपाटाजवळ गेले आणि त्यांची नजर चुकवून फिल्टरचं बटण थोडं मागे फिरवलं. शिट्टी थांबली, चाल मोकळी झाली, इतकी सुरेख की कप ठेवायचा राहूनच गेला. त्याच क्षणी मोठा दिवा मंद झाला. बाबांनी बघितलं, 'अरे, उतरलं' म्हणाले आणि बटण होतं तिथे नेऊन ठेवलं. माझ्याच हातानं लावलेल्या दिव्यानं माझी चोरी पकडली.

डॉक्टरीणबाई परवा येऊन बसल्या. बाईंचा स्वभाव सोशिक आहे. चहा घेतला, बाबांकडे बघून मान डोलावली आणि जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "माझ्याकडेही असाच आवाज असतो हो, पण मी आधी भूल देते." मी हसले आणि दार लावून स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता हेही फायलीला लाव.

तुला बरं वाटत असेल. संग्रहालय म्हणत होतंच, भोकं पाडू नका. बाबाही आयुष्यभर म्हणत होते. सगळे बरोबर होते, मी एकटी मूर्ख. पण तुम्ही सगळे बरोबर होतात तेव्हा तो माणूस चादर टाकलेल्या कपाटाकडे पाठ करून दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा, आणि ते बघायला तुमच्यातलं कुणी नव्हतं. मी होते. तेव्हा मला शहाणपण शिकवायचं काम नाही.

गाडीची तारीख कळवू नकोस. मला नको आहे ती.

धाकटी


१३ एप्रिल

दादा,

हे पत्र लिहायचं मी आठवडाभर टाळलं. आज बाबा समोर बसून विचारतायत, लिहिलंस का, लिहिलंस का. म्हणून लिहिते. माझी इच्छा नाही, हे आधीच नोंदवून ठेव.

गेल्या रविवारी दुपारी बाबांनी मला कपाटाशेजारी, स्वतःच्या समोर खुर्ची टाकायला सांगितली. एरवी मी मागे बसते. म्हणाले, आज इथून ऐक. कानात यंत्र नव्हतं. वाजवायला लागले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की ते दिव्यांकडे बघतच नाहीत. हात बटणांवर आणि नजर माझ्यावर. मी आपली नेहमीसारखी हसऱ्या चेहऱ्यानं बसले. इतकी वर्षं गिऱ्हाइकांसमोर बसून तो चेहरा मला आता झोपेतसुद्धा जमतो. आवाज मात्र त्या दिवशी असा होता की विचारू नकोस. शिट्टी तर होतीच, शिवाय दोन सूर एकमेकांना घासत होते, ठोका लंगडत होता. पत्र्यावर खिळा ओढत नेला तरी बरा. मी हसत राहिले. मानही डोलावली.

त्यांनी बंद केलं, कानात यंत्र घातलं आणि विचारलं, कसं होतं?

मी म्हटलं, "छान होतं, बाबा."

"मी मुद्दाम वाईट वाजवलं," ते म्हणाले. "बटणं कुठे नेली की किती वाईट वाजतं ते मला पाठ आहे. जेवढं वाईट वाजवता येतं तेवढं वाजवलं."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. ते रागावले नाहीत. मोठ्या दिव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दिवे तू चांगले लावलेस. आवाज निघतोय हे कळतं. पण कसा निघतोय हे त्याला विचारून काय उपयोग? तो माझ्याइतकाच बहिरा आहे." मग माझ्याकडे बघून, "आणि तू माझ्यावर माया करतेस. तुझ्या तोंडावर काही दिसत नाही."

मी म्हटलं, मग आता खरं सांगत जाईन. म्हणाले, नाही जमणार तुला. जमलं असतं तर आजवर जमलं असतं. आणि मग म्हणाले, "थोरल्याला बोलाव."

आता मी तुला जे सांगतेय ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं, आणि ते माझ्या अजून पचनी पडलेलं नाही. हॉलमधल्या त्या दिवशी तू बोलायच्या आधीच त्यांना कळलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तू अगदी लहान असल्यापासून बेसूर कानावर पडलं की दात आंबल्यासारखं तोंड करतोस. ते तुला लपवता येत नाही, आणि तू करतोस हे तुला ठाऊकही नाही. ऐकू येणं कमी व्हायला लागलं तेव्हापासून ते तुझ्या तोंडाकडे बघून सूर लावायचे. त्या हॉलच्या आधीचं वर्षभर ते असंच वाजवत होते. म्हणून तर तुला पहिल्या रांगेत बसवायचे, आणि मला वाटायचं, थोरला म्हणून मान देतात. त्या दिवशीही तुझं तोंड वाकडं झालेलं त्यांना दिसलं होतं. फिल्टरच्या बटणाकडे त्यांचा हात निघालाही होता. तेवढ्यात तू उठून उभा राहिलास.

"तो बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं," बाबा म्हणाले. "मी दुरुस्त करतच होतो. राग मला त्याच्या बोलण्याचा आला. तोंडाचा कधी आला नव्हता."

आता सांग, माझ्या अंगाचा तिळपापड होऊ नये? कपाट आतून बाहेरून उलगडलं मी. डॉक्टरीणबाईंच्या जेवणाच्या वेळा सांभाळून भोकं पाडली मी. बोटं भाजून घेतली, तुझ्या नोटिशी झेलल्या, तीन वर्षं त्यांच्या कानाशी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. आणि एवढं सगळं झाल्यावर आमच्या वडिलांना हवंय काय, तर तुझं वाकडं तोंड. ज्या तोंडाला मी लहानपणी आरशासमोर वेडावून दाखवायचे तेच. मी त्यांना म्हटलं, बाबा, हा अन्याय आहे. त्यांनी यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं.

आणखी एक. जानेवारीत मी लिहिलं होतं, ते तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत. पाकीट आलं की दर वेळी विचारायचे, काय लिहिलंय? मी सांगायचे, कामाचं आहे. शिक्का मारलेलं पत्र मी त्यांना वाचायला दिलेलं नाही. ते मी तुझ्यासाठी केलं नाही.

दिवे राहतील. आवाज किती आहे ते दिवे सांगतील, कसा आहे ते तू सांग. ती चाल अजून पुरी व्हायची आहे. तुझ्या साहेबांना सांग की वाद्य सध्या वापरात आहे, आणि गाडी पाठवू नका. तू एकटा ये. दुपारी चहानंतर ते बसतात तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीत बस. माफी मागायची नाही, खुलासे करायचे नाहीत, फिल्टरबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बाबांनी बजावून सांगितलंय, तोंड उघडायचं नाही, नुसतं दिसू द्यायचं.

आणि येताना वाटेत चेहरा सरळ ठेवायचा सराव करत येऊ नकोस.

धाकटी